बाबांच्या फाइलवर ‘टीबी’ लिहिलंय, आधी तो शब्द बदलून घ्या

पत्र (थोडक्यात): माझे वडील 1974 ते 1999 मुंबईतल्या ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होते. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली आणि गावी, पाटण तालुक्यात गेले. आता वय 75. पाचसहा वर्षांपासून दम लागतो, हल्ली तर पडवीतून न्हाणीपर्यंत जाताना मध्ये एकदा टेकावं लागतं. तिकडच्या डॉक्टरांनी दोनदा टीबीचा कोर्स दिला, फरक नाही. एप्रिल 2025 मध्ये मुंबईत सिटी स्कॅन काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा ॲस्बेस्टॉसिस आहे, ब्रेक लायनिंगमधल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, कारखान्यातलाच. कारखाना बंद पडून जमाना झाला, तिथे आता टॉवर आहेत. सोडताना ‘कंपनीकडे माझं काही येणं नाही’ अशा कागदावर बाबांची सही घेतलेली आहे. नेटवर शोधलं तर अमेरिकेत या आजाराचे कोटींनी पैसे मिळतात असं दिसलं. मग एका एजंटचा फोन आला. 40 हजार रजिस्ट्रेशनचे आणि मिळतील त्यातले 30 टक्के त्याचे. आई बाबांचे कपडे हाताने धुवायची, तिलाही खोकला असतो. कारखान्यातून आणलेली ॲस्बेस्टॉसची पांढरी दोरी अजून माळ्यावर आहे. आम्ही काय करावं?
– एक मुलगी, डोंबिवली

ताई,

एजंटाला पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती मागा, म्हणजे तो फोन उचलणं आपोआप बंद करेल.

अमेरिकेतले पैसे खोटे नाहीत, पण ते तुमच्या बाबांसाठी नाहीत. तिकडे जॉन्स-मॅनव्हिल नावाच्या ॲस्बेस्टॉसमधल्या सर्वांत मोठ्या कंपनीने 1982 मध्ये दाव्यांच्या भाराखाली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे आजारी माणसांना पैसे देण्यासाठी एक ट्रस्ट उभा राहिला. त्या वाटेने बऱ्याच कंपन्या गेल्या, आज असे साठेक ट्रस्ट आहेत. पण प्रत्येक ट्रस्टचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमचा माल तुम्ही कुठे आणि कधी हाताळलात? मुंबईच्या कारखान्यात मुंबईच्या कंपनीच्या मस्टरवर काम केलेल्या माणसाकडे त्याचं उत्तर बहुधा नसतं. एक गोष्ट मात्र तपासा. बाबांच्या काळात कारखान्याची मालकी एखाद्या परदेशी कंपनीकडे होती का? ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूअलसारख्या कंपन्यांचे आपल्याकडे कारखाने होते, आणि ती कंपनी बुडाल्यावर दाव्यांसाठी तिकडेही ट्रस्ट झाला. जुन्या पगारपत्रकावर किंवा बोनसच्या कागदावर कंपनीचं पूर्ण नाव सापडलं तर ही चौकशी वकिलाकडून करून घ्या, त्यासाठी एजंट लागत नाही. आणि टक्केवारीचं म्हणाल तर आपल्याकडे वकिलाने ‘जिंकलो तर इतके टक्के’ अशी फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसतच नाही. जे वकिलाला चालत नाही ते एजंटाला कसं चालेल?

आता बाबांच्या आजाराच्या नावाकडे येते. पैसे मिळणार की नाही हे कोर्टापेक्षा आधी केसपेपरवर ठरतं.

वीस-एक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. नवरा ठेकेदाराकडे लॅगिंगचं काम करायचा, म्हणजे बॉयलरला आणि वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळायचं. माणूस गेला होता. पिशवीतले सगळे कागद एका इस्पितळाचे, आणि प्रत्येकावर एकच शब्द, टीबी. थुंकी तीनदा तपासलेली, तिन्ही वेळा निगेटिव्ह, तरी टीबीच. कामाचं स्वरूप विचारलेलं कुठेच नाही. एकच एक्स-रे होता आणि तो नातवंडांनी ग्रहण बघायला कापला होता. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते, त्यावरून कोर्ट काय ठरवणार? तो अर्ज मी हरले.

म्हणून मुंबईत ज्या डॉक्टरांनी ॲस्बेस्टॉसिस म्हटलं त्यांच्याकडे पुन्हा जा आणि ते लेखी मागा. नुसतं निदान पुरत नाही. कोणत्या कामावर किती वर्षं होते हे त्यात यायला हवं, आणि ‘व्यवसायजन्य’ हा शब्दही. डॉक्टर इंग्रजीत ‘ऑक्युपेशनल’ लिहितील, चालेल. सोबत सिटी स्कॅनचा रिपोर्ट, सीडी आणि फुफ्फुसांची फुंकर मारून करतात ती पीएफटी. या आजारात फुफ्फुसं आक्रसतात, त्यामुळे पीएफटीचे आकडे एका विशिष्ट तऱ्हेने खाली येतात. पाठीच्या खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला की वेल्क्रो उघडताना येतो तसा करकर आवाज ऐकू येतो. तो आवाज डॉक्टरांनी तपासणीत नोंदवला असेल तर तोही पुरावाच. टीबीचे जुने कागद मात्र रागाने फाडू नका. थुंकी निगेटिव्ह आणि औषधाचा उपयोग नाही हे ते कागदच सांगतात, म्हणजे ते तुमच्याच बाजूचे साक्षीदार आहेत.

समोरचा वकील ‘बिडी ओढायचे का?’ हे विचारणार, ठरलेलं आहे. ओढत असतील तर खरं सांगा. ॲस्बेस्टॉसिस बिडीने होत नाही, त्याला ॲस्बेस्टॉसचे तंतूच लागतात. बिडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच आता ओढत असतील तर ती सुटायला हवी. पण ही घरातली गोष्ट, दाव्यातली नाही.

पैसे मागायचे दोन दरवाजे आहेत आणि त्यांतला एकच उघडतो. तुमच्या प्रकरणात तो कोणता हे बाबांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जायचा का यावर ठरतं. कापला जात असेल तर तो विमा आहे, आणि भरपाई देणारं ईएसआय महामंडळ आहे, कंपनी नाही. मग कारखान्याच्या जागी टॉवर उभे राहोत की मैदान, तुम्हाला फरक पडत नाही. महामंडळाचं वैद्यकीय मंडळ किती टक्के कायमचं अपंगत्व ते ठरवतं आणि त्या प्रमाणात महिन्याला रक्कम सुरू होते, हयातभर. ती मोठी नसते, कारण ती जुन्या पगारावर धरली जाते. पण ती बुडत नाही, आणि याच आजाराने बाबा गेले तर आईला आश्रितांचा लाभ मागता येतो. मंडळाचा निर्णय पटला नाही तर वर अपील आहे, कर्मचारी विमा न्यायालय आहे. पहिल्या नकारावर घरी बसू नका.

ईएसआय नसेल तर 1923 चा भरपाई कायदा. ॲस्बेस्टॉसिस त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नावानिशी आहे. नोकरी सोडल्यावर आजार उघड झाला तरी तो कामातूनच आला हे दाखवलं की तो अपघात धरला जातो. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं की ॲस्बेस्टॉस घाई करत नाही, दहा-वीस वर्षं सहज घेतो, आणि मेसोथेलिओमा नावाचा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर तर तीस-चाळीस वर्षांनीही येतो.

तुमच्या बाबांचं मध्ये कुठेतरी आहे असं मला वाटतं. 1997 पासून ईएसआयची पगारमर्यादा 6,500 होती. शेवटच्या एक-दोन वर्षांत त्यांचा पगार तिच्यावर गेला असेल तर कपात थांबली असेल, आधीची वीस-बावीस वर्षं मात्र विम्यातच. अशा माणसाला दोन्हीकडून ‘तिकडे जा’ ऐकावं लागतं. मी तुमच्या जागी असते तर आधी ईएसआयकडे अर्ज दिला असता, पोच घेतली असती, आणि नकार आला तर तो लेखी मागितला असता. तो नकारच मग कामगार न्यायालयात कामाला येतो, कारण आपल्याकडे भरपाईचे अर्ज तिथेच चालतात.

फक्त घड्याळ विसरू नका. भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा असतो. ही दोन वर्षं कुठून मोजायची यावर समोरचा वकील तासभर बोलेल, त्यामुळे आपण सर्वांत सुरक्षित तारीख धरायची, निदानाची. एप्रिल 2025, म्हणजे एप्रिल 2027 च्या आत. ईएसआयचं उत्तर तोवर आलं नाही तर कामगार न्यायालयातला अर्ज आधी दाखल करा आणि त्यात ईएसआयचा अर्ज प्रलंबित असल्याचं लिहा. उशीर माफ करण्याचा अधिकार आहे, पण माफी मागत केस सुरू करू नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. गाभा जवळपास तोच आहे, पण कुठल्या कलमाखाली अर्ज करायचा ते वकिलालाच ठरवू द्या, कारण बाबांचं काम जुन्या कायद्यातलं आणि अर्ज नव्या काळातला.

किती मिळेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. अंदाजापुरतं सांगते. जुन्या भरपाई कायद्यात पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयानुसार कायद्यात दिलेला आकडा. पासष्ट आणि पुढच्यांसाठी तो 99.37. शेवटचा पगार 7,000 धरला तर 4,200 गुणिले 99.37, म्हणजे 4,17,354 रुपये. अपंगत्व 40 टक्के ठरलं तर 1,66,941. वर उशिराबद्दल व्याज लागू शकतं. आणि समोरचे म्हणणार की निवृत्त माणसाची कमाईची ताकद कसली गेली, तो कमवतच नव्हता. गावी शेतात काय काय करायचे आणि आता काय होत नाही, हे सांगणारे दोन शेजारी म्हणूनच शोधून ठेवा. नेटवर तुम्ही पाहिलेत त्या कोटींपुढे हे काहीच नाही, मला कळतं.

व्हीआरएसच्या त्या कागदाची भीती सोडा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने शून्य आहे. ‘माझं काही येणं नाही’ असं लिहून घेणं ही कंपन्यांची सवय आहे, त्याने ग्रॅच्युइटीचा हिशेब मिटतो, फुफ्फुसांचा मिटत नाही. आता कोणी घरी येऊन पन्नास हजार देतो, सही करा म्हणालं तर सही करू नका. अशी तडजोड भरपाई आयुक्तांसमोर, म्हणजे त्याच कामगार न्यायालयात, नोंदवावी लागते, पडवीत नाही.

कारखाना बंद असला तरी कंपनी कागदावर जिवंत असू शकते. जमीन विकणारं कोणीतरी होतंच ना? नाव मिळालं की कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर ती चालू आहे, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली की अवसायनात गेली (म्हणजे गुंडाळली जातेय) ते दिसतं. मालक दिवाळखोर झाला तरी त्याचा विमा असेल तर विमा कंपनीकडे जाता येतं.

कामाचा पुरावा कुठे मिळेल? पीएफचा नंबर, पेन्शन मंजुरीचा कागद (पीपीओ), ईएसआयचं जुनं कार्ड (फोटो उडालेलं असलं तरी), बढतीची चिठ्ठी, युनियनची पावती. सुप्रीम कोर्टाने 27 जानेवारी 1995 ला, अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर, ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं होतं की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा सोडल्यानंतर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपायच्या. बाबांच्या बाबतीत ती मुदत 2014 ला संपली. तरी मागा, आणि नाही म्हणाले तर तसं लेखी मागा. त्या निकालात आजारी ठरलेल्या कामगारांना एकेक लाख देण्याचा आदेश होता. तो आदेश बाबांना आपोआप लागू होत नाही, पण निरोगी राहणं हा कामगाराचा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे तिथे लिहिलेलं आहे आणि वकिलाने ते वाचून दाखवावं. ॲस्बेस्टॉसिस सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तुमच्या डॉक्टरांनी कळवलं का, तेही विचारा.

सगळ्यांत भरवशाचा पुरावा मात्र बाबांच्या बरोबरचे लोक. एकाच खात्यातले तिघे जण जिवंत असतील आणि तिघांनाही दम लागत असेल तर तो योगायोग नाही. मुंबईतल्याच एका ॲस्बेस्टॉस मिलच्या कामगारांची इथल्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी तपासणी केली होती, 2005 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पाचांतल्या एकाच्या आसपास लोकांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. तेव्हा बाबांना जुन्या मित्रांना फोन लावून द्या. दिवाळीला नाही, आत्ताच.

वकिलाच्या फीची काळजी वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 40 हजार रुपये बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनला लागतील.

आईचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, आणि मला तो सगळ्यात जड गेला. पाळीहून आलेला माणूस गॅलरीत खाकी कपडे झटकतो, बायको ते मोरीत दगडावर आपटते, पोरं तिथेच खेळत असतात. चाळीत हे कुणाला वेगळं वाटलंच नाही. असं घरी आलेल्या धुळीनेही आजार होतो. आईचा एक्स-रे काढा, नवऱ्याच्या कामाची गोष्ट डॉक्टरांना सांगा. निघालं काही, तर कामगार कायद्यात तिच्यासाठी जागा नाही, कारण ती कुणाच्या मस्टरवर नव्हती. दिवाणी दावा उरतो, तो लांबतो, आणि या वयात त्या वाटेला लावावं असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. तपासणी मात्र व्हायलाच हवी. तुमचीही, डॉक्टर म्हणाले तर.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर आपल्याकडे आजही बंदी नाही, ते बाहेरून येतं. तुमच्या गावातल्या गोठ्यावरचे पत्रेही कदाचित त्याचेच असतील. त्यांना भोकं पाडू नका, घासू नका, इतकं तूर्त पुरे.

आणि ती माळ्यावरची दोरी. ओढून काढू नका, झटकू तर मुळीच नका. पोरांना खाली पाठवा, पंखा बंद करा. चांगला मास्क लावून वर जा, स्प्रेच्या बाटलीने दोरी ओली करा. आधी एक फोटो घ्या, कंपनीचा शिक्का किंवा चिठ्ठी असेल तर ती दिसेल असा. मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड बांधून वर लिहून ठेवा. माळा ओल्या फडक्याने पुसा, झाडू नको. फडकंही पिशवीत. पिशवी वकिलाला विचारल्याशिवाय टाकू नका.